भैयाजींचा तान्हा पोळा

लकडगंजात भैयाजींची आरामशीन होती. लाकूड चिरता चिरता येणाऱ्या-जाणाऱ्याला ते ऐकवायचे, "मले काही नावाची हौस नाही बा." ऐकून ऐकून आमचे कान किटले होते.

पोरांचं बरं असतं. त्यांची नात लतिका पाच वर्षांची. नवा फ्रॉक घातला की सरळ रस्त्यात उभी राहून दाखवायची, कोणी छान म्हटलं की खूश होऊन खेळायला पळायची. मोठ्यांचं तसं नाही. लोकांनी आपल्याकडे पाहिलं पाहिजे, अन् आपण ते मागितलं नव्हतं, असंही दिसलं पाहिजे.

त्या साली, अठ्ठ्याहत्तर असेल, मंडळानं तान्ह्या पोळ्याला बक्षीस ठेवलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल ओढत आणतात, तोच हा तान्हा पोळा. शिवाय भोंगाही लागणार होता. झालं, भैयाजींच्या अंगात आलं. त्या भोंग्यातून आपलं नाव आख्ख्या लकडगंजानं ऐकावं, एवढंच त्यांच्या मनात. नातीसाठी म्हणून त्यांनी सागवानाचा कमरेएवढा बैल करवून घेतला अन् झुलीवर नाव काढलं स्वतःचं.

"एवढा मोठा काहून जी?" मी विचारलं.

"पोरीची हौस हाये."

पोरीनं तो बैल पाहून भोकाड पसरलं होतं. त्यांच्या बायकोनं, इंदुताईंनी, आम्हाला ते आधीच सांगितलं होतं.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी लतिकाच्यानं तो बैल हलेना. मग भैयाजींनीच धोतर खोचलं, दोरी धरली अन् पोरांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. वय काय, अन् करून काय राहिले. मला हसूही येत होतं, रागही.

पहिलं बक्षीस त्याच बैलाला मिळालं. भोंगा बोलला, "कुमारी लतिका." बस. तान्हा पोळा पोरांचा, तिथं नाव पोरांचंच घेतात. एवढी साधी गोष्ट भैयाजी विसरले होते.

मंडळाचे अध्यक्ष मधुकरराव यांनी लतिकाला उचलून माइकसमोर धरलं. "हा बैल कोणाचा वं, बाई?"

"आजोबाचा. माझा हा हाये." तिनं काखेतला वीतभर बैल वर केला. त्याला एक चाक नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, ती लाजली, तिचं काम झालं.

मग तिला भैयाजी दिसले. बैलाची दोरी धरून ते एकटेच उभे होते, घामाघूम. तोंड माइकला लावून ती म्हणाली, "आता माझ्या आजोबाकडे पण पाहा ना. ते कवाचे उभे हायेत."

सगळ्या लकडगंजानं मान वळवून भैयाजींकडे पाहिलं, अन् आपण कुठं पाहावं, ते त्यांना समजेना.