सायलेन्सरवरचा ओला लेप

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. पण बैलजोडीने ओढत ठाण्यात आणलेला तो हिरवा ट्रक अजून जसाच्या तसा डोळ्यांपुढे उभा राहतो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी सोलापुरात नवा फौजदार होतो, आणि आपल्याला माणसं ओळखता येतात असं नव्या फौजदाराला फार वाटत असतं.

उन्हाळ्याचे दिवस होते. दुपारी चारच्या सुमारास होटगी रस्त्यावर विड्या वळायची पानं घेऊन घरी निघालेल्या एका बाईला ट्रकने उडवलं आणि ट्रक न थांबता निघून गेला. बाई वाचली, पण मांडीचं हाड मोडलं. पाहणाऱ्यांनी दोन खुणा सांगितल्या: हिरवी केबिन आणि फुटलेला डावा दिवा. तासाभरात एका चहावाल्याने खबर आणली की अशीच गाडी शहराच्या कडेला एका गॅरेजात उभी आहे. साडेपाचला आम्ही तिथे पोचलो. केबिन हिरवी, डावा दिवा फुटलेला. आमच्या हवालदारांनी माझ्याकडे बघून मिशीवरून हात फिरवला.

ड्रायव्हर तिशीतला, अक्कलकोटकडचा. गिरणीतून सूत उचलायचं आणि यंत्रमागवाल्यांना पोचवायचं, हा त्याचा धंदा. दिवा महिन्यापूर्वी गोदामाच्या फाटकाला लागून फुटला आणि गाडी कालपासून इथून हललेली नाही, असं त्याचं म्हणणं. गॅरेजच्या मिस्त्रीनेही तेच सांगितलं. पण हा मिस्त्री ड्रायव्हरचा मावसभाऊच निघाला, तेव्हा चोर चोर कोण असतात ते हवालदारांनी बोलून दाखवायची गरज उरली नाही.

जप्तीचा पंचनामा केला आणि गाडी ठाण्यात घ्यायला सांगितली. तिथे घोडं अडलं. पठ्ठ्या गाडी सुरू करू देईना.

"साहेब, लेप वला हाय. आत्ता चालू करू नका."

त्याच्या गाडीचा सायलेन्सरचा पाइप केबिनच्या फळीखालून जायचा. उन्हाळ्यात फळी इतकी तापायची की पाय टेकवत नसे, आणि मागे सुताचे गठ्ठे, म्हणजे आगीचीही धास्ती. म्हणून मिस्त्रीने त्याच दुपारी पाइपाला भिजवलेली अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी गुंडाळली होती, वर चिकणमातीचा जाड लेप दिला होता आणि त्यावर ओलं पोतं बांधलं होतं. दोन दिवस सावकाश वाळू दिला तर तो लेप टिकतो. ओला असताना इंजिन तापलं तर तडकून गळून पडतो. हे सगळं तो आम्हाला नीट सांगत होता आणि आम्ही ऐकत नव्हतो. मी आवाज चढवला, हातही उगारला.

"मारा पायजे तर," तो शांतपणे म्हणाला, "पण गाडी चालू करू नका."

शेवटी त्यानेच शेजारच्या गाडीवानाची बैलजोडी आणली. पुढे बैल, स्टेअरिंगवर आरोपी आणि त्याच्या शेजारी बंदोबस्ताला हवालदार, अशी आमची वरात निघाली. लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते. मी जीपमध्ये मान खाली घालून बसलो होतो. ठाण्यात पोचल्यावर स्टेशन डायरीत मी स्वतःच्या हाताने नोंद केली: 'आरोपी वाहन सुरू करण्यास टाळाटाळ करतो.'

त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चौकशी केली. त्याचं उत्तर एकच. हवालदारांनी जबाब लिहिला, त्यात लेपाचा एक शब्दही नव्हता. का म्हणून विचारलं, तर म्हणाले, असंबद्ध बडबड कशाला लिहायची. मलाही ते पटलं. दुपारी त्याला कोर्टात उभं करायचं होतं. लायसन गेलं की धंदा गेला, आणि घरात मिळवता हा एकटाच.

हे कळलं त्याच्या आईकडून. म्हातारी पहाटेच्या गाडीने भाकरी बांधून आली होती. कोठडीशी आई-लेक कानडीत काहीतरी बोलले आणि मग ती बाहेर येऊन ट्रकच्या सावलीत बसली. ट्रक नेमका आवाराच्या फाटकात आडवा राहिला होता आणि वरिष्ठांची जीप बाहेर अडली होती. मी किल्ली आमच्या पोलीस ड्रायव्हरकडे दिली. तो केबिनमध्ये चढला तोच म्हातारी उठून माझ्यापुढे आली. तिच्या बोटांना ओला चिखल लागला होता. तिने गाडीखाली हात घालून पोतं बाजूला सारलं होतं.

"साहेब, चुलीवर चढलेल्या हांडीची माती अशी वली ऱ्हाती व्हय?"

माझी आईसुद्धा चुलीवर ठेवायच्या भांड्यांना बाहेरून राख-मातीचा लेप द्यायची. भांडं एकदा चुलीवर चढलं की त्या लेपाचा रंग आणि टिचकीचा आवाज दोन्ही बदलतात, हे मी लहानपणापासून बघत आलो होतो. मी ओरडून पोलीस ड्रायव्हरला खाली उतरवलं. वरिष्ठांची जीप अर्धा तास उन्हात उभी राहिली आणि त्याबद्दल मला बोलणीही खावी लागली.

मग आरटीओच्या निरीक्षकांना बोलावलं. पंचांसमक्ष लेप उकरला. आतली दोरी पिळली तर पाणी निघालं. प्रश्न एकच उरला: अपघात करून आल्यावर घाईने लेप दिला असेल तर? म्हणून गाडी चार मैल पळवून आणली. वाटेत फळीखालून धूर निघाला आणि लेपाची ढेकळं रस्त्यावर गळत गेली. परत आल्यावर तापलेल्या पाइपावर नवा लेप देऊन पाहिला, तर तो धरेचना. चर्र करून वाळला आणि पापुद्रे सुटले. पाइप लेप धरण्याइतका निवायलाच दोन तास गेले, आणि आम्ही तर अपघातानंतर दीड तासात गॅरेजात होतो. मग ती गाडी चारला होटगी रस्त्यावर असणं शक्यच नव्हतं. अहवाल कोर्टात गेला आणि संध्याकाळी आमचा आरोपी सुटला. खरा ट्रक चौथ्या दिवशी विजापूर रस्त्यावर सापडला. त्याचीही केबिन हिरवीच होती.

सुटल्यावर त्याने आमच्याबद्दल वावगा शब्द काढला नाही. गाडीखाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "लेप तेवढा गेला की साहेब."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बेकसूर असल्याचा पुरावा तो पहिल्या मिनिटापासून आमच्यापुढे ठेवत होता. तो पुरावा आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याला फक्त आपला लेप वाचवायचा होता. आणि आम्ही ती गोष्ट जबाबातून गाळली, एवढंच नाही, तर मी ती त्याच्याविरुद्ध डायरीत चढवली. तो आमच्या धाकाला भिऊन गाडी सुरू करता, तर स्वतःच्या हाताने स्वतःला अडकवून बसता. पुढे सगळ्या नोकरीत मी एक नियम पाळला: माणूस जे पुन्हापुन्हा सांगतो ते कितीही फालतू वाटलं तरी जबाबात शब्दशः घ्यायचं.

मिस्त्रीला दोरी आणि माती घेऊन ठाण्याच्या आवारातच बोलावलं. हवालदारांनी दोरीचं टोक धरलं, माती मी मळली. म्हातारी बाजूला बसून पाणी कमी झालं, जास्त झालं, हे सांगत होती. हात धुऊन मी आत गेलो, स्टेशन डायरी उघडली आणि लिहिलं: 'आवारातील हिरवा ट्रक दोन दिवस कोणीही सुरू करू नये. लेप ओला आहे.'