सुनेच्या डोक्यावरची चांदणी

मी आद्य स्लाव भाषेतल्या ‘स्नुखा’ या शब्दाची रूपं वहीत मांडत होते. अर्थ सून, आपली स्नुषा त्याच गोतातली.

शेजारी मटार सोलणाऱ्या सासूबाईंनी विचारलं, “प्रत्येक रूपाआधी ही चांदणीची खूण कशाला गं?”

“आई, हा शब्द लिहिलेला कुठेच सापडत नाही. रशियन, सर्बियन शब्दांवरून तो अंदाजाने उभा केलाय. चांदणी म्हणजे तेवढी कबुली.”

“आणि हे शेवटचं?”

“हाक मारायचं रूप. स्नुखो!”

त्यांचे हात थांबले. “दिवसभर हाका मारल्या असतील त्या सुनेला. जेवलीस का, म्हणून एकदा तरी मारली असेल का गं?”

तेवढं मात्र कुठल्याच भाषेवरून उभं करता येत नाही.