नाक कापलेल्या रंभेला बघायला सिल्वासाला गेलो तेव्हा

दिनकरभावजींचा फोन सिल्वासाच्या एसटीडी बूथवरून आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. म्हणाले, "वहिनी, गाडी झाली. अण्णांना घेऊन या. फक्त पोटनीसकाकांना काही कळू देऊ नका." मी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि वळले, तर पोटनीसकाका आमच्याच झोपाळ्यावर बसून बशीत चहा ओतत होते. "कधी निघायचं?" त्यांनी विचारलं.

परवा मुलाने त्याच्या फोनवर एका जुन्या अमेरिकन गाडीच्या नव्या रूपाचं चित्र दाखवलं. खाली जगभरचे लोक एकमेकांची अक्कल काढत होते. कुणाला दिवे पसंत नव्हते, कुणाला पाठ. मला हसू आलं, कारण हेच भांडण मी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला प्रत्यक्ष ऐकलं होतं, तेही जीप चालवता चालवता. म्हणून ही सहल लिहून काढते आहे.

आधी गाडीविषयी. माझे सासरे, म्हणजे अण्णा, यांनी मुंबईच्या एका लिलावात लांब नाकाची, दोन दारांची, आठ सिलिंडरची अमेरिकन गाडी घेतली होती. गल्लीने तिचं नाव रंभा ठेवलं. पेट्रोल भरताना इंजिन बंद केलं नाही तर टाकी भरतच नाही, असं पंपावरचे लोक म्हणायचे. माझं लग्न होऊन मी आले तोवर रंभेचं इंजिन ठणठणीत होतं, पण पत्रा पार गंजला होता. बसून पाय खाली टेकवले तर ते थेट जमिनीला लागत. अण्णा दसऱ्याला हार घालून तिला जागच्या जागी चालू करायचे, आवाज ऐकायचे आणि बंद करायचे.

दिनकरभावजी सिल्वासाजवळ सामरवरणीला फायबर ग्लासच्या कारखान्यात साचे बनवायला होते. पाण्याच्या टाक्या, बाथटब, खुर्च्या. शेठच्या परवानगीने रविवारी उरलासुरला माल वापरून त्यांनी रंभेची नवी बॉडी घडवली होती. अगदी तेव्हाच्या काळात ही गाडी नव्याने निघाली असती तर कशी दिसली असती, तशी. खाली एका जुन्या जीपची चासी आणि डिझेल इंजिन तात्पुरतं बसवलं होतं. अण्णांना ती आवडली तर रंभेचं इंजिन तिच्यात जायचं होतं. नाही आवडली तर भावजींची दोन वर्षांची मेहनत कारखान्याच्या मागे पडून राहणार होती.

माझ्या नवऱ्याला परीक्षांचं काम होतं, तेव्हा आमची जीप मी चालवणार हे ठरलं. शेजारी अण्णा. मागे मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान चालवणारे पोटनीसकाका आणि निवृत्त चित्रकला शिक्षक वाघसर. तिघेही गाड्यांचे वेडे, आणि तिघांनाही गाडी बाईने चालवण्याबद्दल मतं होती.

नाशिकहून आम्ही पेठमार्गे गेलो. तुम्हीही तसंच जा, रस्ता सुंदर आहे. थंडीत सावळघाटात धुकं असतं, तेव्हा उजाडल्यावरच निघा. घाटात प्रत्येक वळणावर पोटनीसकाका "सेकंड, सेकंड" असं पुटपुटायचे आणि वाघसर "डावीकडे दरी किती निळी दिसतेय बघा" म्हणायचे. मी दोघांचंही ऐकलं नाही. पेठच्या पुढे एका टपरीवर गरम भजी खाल्ली. काकांनी मला पहिली प्लेट दिली आणि म्हणाले, "सूनबाई, क्लच बरा वापरतेस." पुढे कपराडा, नाना पोंढा असं करत संध्याकाळी सिल्वासात पोहोचलो. तिघांची सोय बाजाराजवळच्या लॉजमध्ये केली, मी भावजींच्या घरमालकिणीकडे झोपले. लॉज साधा होता, पण गरम पाणी मिळालं. गरम पाण्याची चौकशी मात्र आधी करा.

रविवारी सकाळी कारखान्यात गेलो. राळेचा तिखट वास नाकात बसला तो दोन दिवस गेला नाही. शेडमध्ये एका चादरीखाली गाडी होती. धुळ्याकडचे चार कामगार सुट्टी असून मुद्दाम आले होते. भावजींनी नवा शर्ट घातला होता. त्यांनी चादर ओढली.

गाडी लाल होती. नाक जवळजवळ नव्हतंच, पुढचा भाग उतरता होत थेट जमिनीकडे गेला होता. दिवे दिसत नव्हते. भावजींनी बटण दाबलं तेव्हा उजवा दिवा पापणी उघडावी तसा वर आला, डावा आलाच नाही.

"ही डोळा मारतेय," वाघसर म्हणाले.

पोटनीसकाका गाडीभोवती फिरले. बोनेटवर बोटाच्या पेराने टकटक केलं. "दिनकर, झाकण कुठंय?"

"कसलं झाकण काका?"

"टाकी आहे ना ही? आत उतरून धुवायची कशी?"

कामगारांपैकी शांताराम नावाचा एकजण मध्ये पडला. "काका, टाकी नई शे. दोन वरीस घासी घासी गुळगुळीत करेल शे."

"ते दिसतंच आहे. साबणाची वडीही गुळगुळीत असते."

वाघसरांना मात्र गाडी फार आवडली. ते म्हणाले की रेषा एका दमात काढलेली आहे, जुन्या गाडीत नुसता चकचकाट होता. पोटनीसकाका चिडले. क्रोमचा बंपर म्हणजे दागिना, तो काढून घेतला म्हणजे बाई संन्यासिनी झाली असं होत नाही, असं काहीतरी ते बोलले. वाघसर म्हणाले, तुम्ही दुकानात क्रोमचे बंपर विकता म्हणून असं बोलताय. त्यावर दोघांचं बोलणं बंद झालं.

मग अण्णा पुढे झाले. काठी टेकत एकदा पुढून, एकदा मागून बघितलं आणि म्हणाले, "चालवून दाखव."

बेत दादऱ्यापर्यंत जायचा होता. पुढे भावजी आणि अण्णा लाल गाडीत, मागून मी जीपमध्ये. पोटनीसकाकांनी जाहीर केलं की ते मेले तरी त्या डब्यात बसणार नाहीत. वाघसरांना बसायचं होतं, पण मागच्या सीटचं गादीकाम राहिलं होतं.

रस्त्यात सगळा गाव बघत होता. सायकलवाले थांबले, एका ट्रकने बाजू देऊन सलाम केल्यासारखा हॉर्न वाजवला. दादऱ्याला वनगंगा तळ्याच्या बागेपाशी आम्ही उभे राहिलो तोवर घोळका जमला होता. तिथे सिनेमांचं शूटिंग व्हायचं, त्यामुळे हीरो कोण आहे असं एकाने मला विचारलं. शेंगा विकणाऱ्या एका गुजराती मावशींनी गाडी नीट बघून घेतली आणि भावजींना काचेतून विचारलं, "आ होडी पाणीमां क्यारे उतारशो?" ही होडी पाण्यात कधी उतरवणार, हे ऐकून पोटनीसकाकांचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा उजळला.

अण्णा उतरायला गेले तर दार उघडेना. भावजींचंही उघडेना. कुलपांची मांडणी एकसारखी केली होती, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी अडकली. काचही अर्धीच खाली जात होती. भावजी घामाघूम झाले. अण्णा मात्र काठी मांडीवर घेऊन स्वस्थ बसून राहिले. मी काचेपाशी उभी होते म्हणून मला पुढचं ऐकू आलं.

"दिनू, तिचं नाक का कापलंस?" अण्णांनी विचारलं.

भावजी थोडा वेळ कुलपाशी झटत राहिले. मग म्हणाले, "लहानपणी तुम्ही मला पुढच्या सीटवर बसवायचात ना, तेव्हा मला रस्ता कधी दिसलाच नाही. नुसतं नाक दिसायचं. दादा उंच, त्याला दिसायचा. तो सांगायचा, बैल आला, पूल आला. मी हो हो म्हणायचो."

अण्णांनी समोर बघितलं. समोर तळं, तळ्याच्या काठाची झाडं आणि शेंगावाल्या मावशी, सगळं चाकापर्यंत दिसत होतं. "मला बोलला नाहीस कधी," ते म्हणाले.

"तुम्ही खूश असायचात."

एवढ्यात मागून आवाज आला. पोटनीसकाकांनी मागची काच उचकटली होती आणि ते पान्यासकट आत सरपटत होते. गादी नसलेल्या सीटच्या पत्र्यावरून ते पोटावर पुढे आले, धोतराचा सोगा कुठेतरी अडकला, तो वाघसरांनी बाहेरून सोडवला. न बोलता. दार आतून खोलून काकांनी भावजींना आणि अण्णांना बाहेर काढलं. स्वतः मात्र चालकाच्या जागेवर बसून राहिले. स्टिअरिंगवर हात ठेवून बघितला. पायाने ब्रेक चाचपला.

"किल्ली दे," ते म्हणाले. "दुरुस्ती केली ती टिकते का बघायला नको?"

परत येताना गाडी त्यांनीच चालवली, आणि किलवणीपर्यंत विनाकारण वळसा घातला.

जेवायला एका जळगावच्या बाईंच्या खानावळीत गेलो. सिल्वासाला गेलात तर असली खानावळ शोधा, खानदेशी कामगारांना विचारलं की सापडते. कळण्याची भाकरी, शेवभाजी, ठेचा. अण्णांनी अर्धी भाकरी संपवली आणि सहज म्हणाले, "दिनू, इंजिन घेऊन जा."

पोटनीसकाकांचा घास हातातच राहिला. "अण्णा, रंभा मग चालू कशी करणार? दसऱ्याला?"

"नाही करणार."

 दिनकरभावजींनी नाक पुसलं, डोळे पुसले आणि बाईंना म्हणाले ठेचा फार तिखट आहे. त्यांच्या ताटात अजून ठेचा वाढलेलाच नव्हता.

सोमवारी परतलो. वाटेत पोलिसांनी जीप थांबवली. गुजरातेत दारूबंदी, म्हणून सिल्वासाहून येणाऱ्या गाड्यांत ते बाटल्या शोधत होते. पोटनीसकाकांच्या पिशवीत एक बाटली सापडली. हवालदाराने झाकण काढून लांब श्वास घेतला आणि खोकत खोकत परत केली. गिअर ऑइल होतं. काकांना त्याचा अपमान वाटला, चांगल्या प्रतीचं होतं म्हणे. त्यांचं आणि वाघसरांचं बोलणं तिथून पुन्हा सुरू झालं, कारण त्यांना एकत्र हवालदारावर बोलायचं होतं.

पुढच्या रविवारी इंजिन उतरवायला पोटनीसकाका हत्यारांची पेटी घेऊन आले. प्रत्येक नटाला त्यांनी दिनकरभावजींना एक शिवी दिली, पण दुसऱ्या कुणाला नटाला हात लावू दिला नाही. साखळीने इंजिन वर उचललं तसं पुढचं वजन जाऊन रंभा वीतभर वर उठली. अण्णा तिथे होते. त्यांनी तिच्या बोनेटवर हात ठेवला आणि ती डोलायची थांबेपर्यंत काढला नाही.

या सहलीतून माझ्याकडे काय राहिलं, तर घाटात मी कुणाचंही न ऐकता गाडी चालवू शकते हा भरवसा. आणि ज्या माणसाला मी सहा वर्षं नुसते कडक सासरे समजत होते, त्याच्याविषयी वाटायला लागलेली माया.

दिवाळीत भावजी ती लाल गाडी घेऊन पेठच्या घाटातून घरी आले. आवाज गल्लीच्या टोकापासून ओळखू आला. अण्णा पायरीवरच उभे होते. सगळे गाडीभोवती जमले, मतं द्यायला लागले. अण्णा सरळ पुढच्या सीटवर जाऊन बसले. भावजींनी त्यांना गंगापूर धरणापर्यंत नेऊन आणलं. परत आल्यावर मी चहा घेऊन बाहेर गेले, तर अण्णा उतरायला तयार नव्हते.

"एक फेरी अजून," ते म्हणाले. "आणि हिलाही घे. चहा नंतर."

मी कप पोटनीसकाकांच्या हातात दिला आणि मागे, नव्या गादीवर बसले.