खाटेपासून संध्याकाळच्या दवाखान्यापर्यंत

डॉक्टर सबनीसांनी एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडाकडे धरली आणि ते काही बोलायच्या आधीच मला दिसलं. डाव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात सुपारीएवढं एक वर्तुळ होतं. त्याला कॅव्हिटी म्हणतात, म्हणजे क्षयाने फुप्फुस खाऊन केलेली पोकळी.

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "सिस्टर, तुम्हाला काही वेगळं सांगायला नको."

सांगायला हवं होतं. अकरा वर्षं परळच्या एका मोठ्या इस्पितळात मी परिचारिका होते. असल्या फिल्म शेकड्यांनी पाहिल्या होत्या. तरी त्या घटकेला वाटलं, कुणीतरी मला खुर्चीवर बसवावं आणि अडाणी माणसाला सांगतात तसं पहिल्यापासून सांगावं. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. म्हणून ज्यांच्यावर हा प्रसंग येईल त्यांना माझं पहिलं सांगणं हेच, की विचारा. समजलं नाही तर पुन्हा विचारा.

लक्षणं दोन महिने होती. संध्याकाळी अंगात कणकण, पदराला पिन लावताना जाणवणारी सैल चोळी, जिना चढताना मध्येच थांबावंसं वाटणं. मी सगळं ड्युटीवर ढकललं. दिवाळीच्या आधी एका सकाळी दात घासताना बेसिनमध्ये लाल धागा दिसला, तेव्हा मात्र ढकलायला काही उरलं नाही.

थुंकी तपासली. स्प्युटम पॉझिटिव्ह, म्हणजे थुंकीत जंतू सापडले. त्याच दिवशी परिचारिकांच्या निवासातली माझी खोली सोडावी लागली. नियमच तसा होता आणि तो बरोबर होता. दुसऱ्या मुली त्याच खोलीत झोपत होत्या.

मी मूळची गढवालची. एकोणीस वर्षांची असताना शिक्षणासाठी मुंबईला आले. वडील गेलेले, घरी भाऊ. त्याला पत्र टाकलं. त्याचं उत्तर आलं: घरात लहान मुलं आहेत, तू येऊ नकोस, बरी झालीस की कळव. पत्र चांगल्या अक्षरात लिहिलं होतं. मी त्याला दोष देत नाही. त्याच्या जागी मीही बहुधा हेच लिहिलं असतं.

क्षयरोग्यांच्या इस्पितळात बायकांच्या वॉर्डात मला खिडकीजवळची खाट मिळाली. रोज सकाळी स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन. हे क्षयाच्या जंतूंवरचं तेव्हाचं नवं औषध. दिवसातून तीनदा पी.ए.एस. या दुसऱ्या औषधाच्या पुड्या. ती पावडर पाण्यात घातली की पोटातून ढवळून येई. इंजेक्शनाने कमरेत गाठी झाल्या. तिसऱ्या महिन्यात डाव्या कानात शिट्टी वाजायला लागली ती थांबलीच नाही. हा त्या इंजेक्शनाचा दुष्परिणाम. मी रोग्यांना सांगत असे, "थोडा आवाज येईल, घाबरू नका." थोडा म्हणजे किती, हे मला कधी ठाऊकच नव्हतं.

वॉर्डातला दिवस फार लांब असतो. थर्मामीटर, पुड्या, जेवण, थर्मामीटर. ज्यांना कामाची सवय आहे त्यांना पडून राहण्याचं काम सगळ्यात जड जातं. त्या थंडीत शहरात गोळीबार झाला. संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्त्यावर उतरलेली माणसं जखमी होऊन परळला आणली जात होती, असं आमची आया सांगायची. माझ्याबरोबरच्या मुली सलग दोन-दोन पाळ्या उभ्या होत्या. मी खाटेवर उताणी पडून छताचे वासे मोजत होते.

शेजारच्या खाटेवर लीला होती. लालबागची, मालवणकडली, गिरणीच्या रिळिंग खात्यात सूत गुंडाळायचं काम करणारी. नवरा वारलेला, दोन मुली शेजारणीकडे ठेवलेल्या. मी नर्स आहे कळल्यावर ती मला सिस्टरबाय म्हणायला लागली. तीन महिन्यांत तिचा खोकला थांबला, गाल भरले. एके दिवशी दुपारी तिने वेणी घातली आणि लुगडं नीट नेसून माझ्या खाटेशी उभी राहिली.

"सिस्टरबाय, मी जातंय," ती म्हणाली. "माका आता बरा वाटता."

"लीला, वाटणं वेगळं. जंतू आत आहेत. अजून वर्षभर औषध घ्यायला हवं."

"ता माका कळता. पण शेजारीण माझ्या चेडवांक किती दिवस बघतली? खाडे झाले तर खात्यात दुसरी बाय उभी करतले."

"मग बाहेरून घे औषध. सकाळी ओपीडीत येत जा."

"सकाळी मी गिरणीत आसतंय," ती म्हणाली. रागाने नाही, मला माहीत नसेल म्हणून सांगावं तसं.

ती भर दुपारी, सगळ्यांचा निरोप घेऊन, मोठ्या दारातून चालत गेली. संध्याकाळी ड्युटीवरच्या नर्सने तिच्या केसपेपरवर लिहिलं, अ‍ॅब्सकाँडेड. म्हणजे पळून गेली. तो शब्द मी स्वतः अकरा वर्षांत किती वेळा लिहिला होता याचा हिशेब नाही. लिहून मी पुढच्या खाटेकडे वळत असे. त्या संध्याकाळी मात्र खूप वेळ पी.ए.एस.चा पेला हातात धरून बसले.

मे महिन्यात लीलाला स्ट्रेचरवरून परत आणलं. आता औषध लागू पडत नव्हतं. औषध मध्येच सोडलं की उरलेले जंतू त्याला दाद देईनासे होतात, याला रेझिस्टन्स म्हणतात. ती अकरा दिवस होती. बोलण्याची ताकद नव्हती. मी तिच्या ओठांना पाणी लावायचे. गेली तेव्हा शेजारीण आली होती, मुलींना बरोबर आणलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात माझी थुंकी सलग तिसऱ्यांदा निगेटिव्ह आली. डॉक्टर सबनीस म्हणाले, "आता घरी जाऊन पुढचे दहा महिने गोळ्या आणि पुड्या चालू ठेवायच्या. एक दिवस चुकवायचा नाही." घरी म्हणजे कुठे, हे त्यांनी विचारलं नाही.

विचारलं ते सोनाबाईंनी. घोडपदेवच्या चाळीत राहणाऱ्या या बाईंच्या सासूची शेवटच्या आजारात मी शुश्रूषा केली होती. तेवढ्या ओळखीवर त्या दर रविवारी मला भेटायला येत. डिस्चार्जच्या दिवशी माझी ट्रंक पाहून त्या म्हणाल्या, "तुमी जाणार कुठं आता?"

मी म्हणाले, "बघते कुठे खोली मिळते का."

"खोली बघायची ती बघा सावकाश. आज आमच्याकडं चला."

"सोनाबाई, मला काय झालं होतं ते तुम्हाला माहीत आहे."

"मला ठावं हाय. डाक्टरला इचारूनच आलेय," त्या म्हणाल्या आणि ट्रंक उचलली.

सोनाबाई, त्यांचे पती भिकाजी आणि मी. एकच खोली, मध्ये साडीचा पडदा. भिकाजी गिरणीत साचेवाले, म्हणजे माग चालवणारे; युनियनचे आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे कार्यकर्ते. त्याच वर्षी त्या घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. माझं ताट-भांडं मीच वेगळं ठेवायला गेले, तर सोनाबाई म्हणाल्या, "निगेटिव म्हंजे नाही ना? मग ठेवा सगळ्यांत." एवढं स्वच्छ मला कुठल्याही पुस्तकात कुणी समजावलं नव्हतं.

दुपारी चाळीतल्या बायका माझ्याकडे यायला लागल्या. कुणाचा खोकला, कुणाचा ताप. मी ओपीडीत पाठवायची. दोनदा जाऊन तिसऱ्यांदा जायच्या नाहीत. कारण प्रत्येक वेळी एकच, सकाळ.

मग महापालिकेच्या निवडणुका आल्या. एका संध्याकाळी भिकाजींनी चार माणसांना खोलीवर आणलं आणि माझं नाव पुढे केलं. मी नको म्हणाले. माझ्यात ताकद नव्हती, हे खरं कारण होतं. शिर्के नावाचे एक वयस्क जॉबर, म्हणजे गिरणीतले मुकादम, होते, ते माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "बाई, राग मानू नका. आपण मराठी माणसाच्या राज्यासाठी भांडतोय. उमेदवार उत्तरेकडचा दिला तर लोकांना काय सांगायचं?"

"बरोबर आहे तुमचं," मी म्हणाले.

चुलीपाशी बसलेल्या सोनाबाई म्हणाल्या, "माझ्या सासूचं रगत ह्यांनी पुसलं, तवा कुणी इचारलं नाही कुठल्या म्हणून."

शिर्क्यांनी मला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, मुंबईबद्दल?"

"मराठी मी वॉर्डात शिकले," मी म्हणाले. "'कुठं दुखतंय' हे पहिलं वाक्य. माणसं शेवटचं जे बोलली ते मी याच भाषेत ऐकलंय. त्यांचा कारभार त्यांच्या भाषेत चालावा एवढं मला कळतं. आणि संध्याकाळचा दवाखाना हवा, एवढं मला पाहिजे."

शिर्के म्हणाले, "दुसरं आधी सांगा. ते लोकांना कळेल."

दवाखान्यासाठी मी हो म्हणाले. प्रचार म्हणजे जिने. मला एका दमात दोन मजले चढवत नव्हते. दुसऱ्या आठवड्यात कुजबुज सुरू झाली, बाईला टीबी आहे, तिला घरात घेऊ नका. भिकाजी म्हणाले, उत्तर देऊ नका. मी देणार नव्हतेच. पण गिरणीच्या फाटकापुढच्या सभेत माईकसमोर उभी राहिले आणि ठरवलेलं भाषण आठवेना. म्हणून खरं होतं ते बोलले. मला क्षय झाला होता. सात महिने खाटेवर होते. अजून गोळ्या घेते. थुंकीत आता जंतू नाहीत. माझ्या शेजारच्या खाटेवरची बाई याच भागातल्या गिरणीत काम करत होती आणि ती गेली, कारण औषधाची वेळ आणि पाळीची वेळ एकच होती.

सभेत टाळ्या पडल्या नाहीत. माणसं खाली बघत पांगली. सगळं संपलं असं समजून मी खोलीवर येऊन झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळपासून दारात बायका. एक मताबद्दल बोलेल तर शपथ. पदर तोंडावर धरून एकेक जण आत यायची, दार लोटून घ्यायची आणि हळूच म्हणायची, "बाई, मलापण तसंच होतंय."

मी निवडून आले, थोडक्यात.

महापालिकेत गेल्यावर आपला शब्द चालतो असं ज्यांना वाटतं त्यांनी तिथे आठवडाभर बसून बघावं. डावा कान कामातून गेलेला, त्यामुळे मी नेहमी उजवा कान अध्यक्षांकडे येईल अशी खुर्ची धरायची. निम्मं बोलणं सुटायचं. घरी येऊन कागद पुन्हा वाचायची. आरोग्य समितीवर माझी नेमणूक झाली. एक अधिकारी वाईट नव्हते, पण दर वेळी तेच विचारत, "संध्याकाळी उघडलं आणि कोणी आलंच नाही तर?" मी म्हणायची, "मग बंद करा." ते हसायचे आणि फाईल पुढच्या बैठकीवर जायची. दोन वर्षं गेली. त्या काळात मी खूप चिडले असं लोकांना वाटतं. मी चिडले नाही. थकले. चिडायला जी ताकद लागते ती मी बैठकीला येण्यासाठी राखून ठेवत होते. आजारपणाने मला ही एक गोष्ट शिकवली, की रोजची पुडी रोज घ्यायची आणि कालची कडू होती म्हणून आजची सोडायची नाही.

शेवटी एका शाळेच्या तळमजल्यावरची खोली मिळाली. शाळा सुटल्यावर, पाळी सुटल्यावर, पाच ते आठ. एक डॉक्टर, दोन परिचारिका, औषधं, भिंतीला लागून एक बाक. पहिल्या संध्याकाळी कोणी आलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी सोनाबाई दोन शेजारणींना हाताला धरून घेऊन आल्या. महिन्याभरात दुसरा बाक आणावा लागला. मराठी राज्य झालं त्या सुमाराला माझ्याकडे आरोग्य समितीचं अध्यक्षपद आलं आणि अशी आणखी दोन केंद्रं उघडली. मोठं काम नव्हे. पण केसपेपरवर काय लिहायचं, याचा नियम मी बदलून घेतला: जो येत नाही त्याच्या घरी परिचारिकेने जायचं, आणि तो का येत नाही ते कारण लिहायचं.

आजही दमते. वर्षातून एकदा छातीचा एक्स-रे काढते. डाव्या बाजूला आता पांढरा व्रण आहे. डॉक्टर म्हणतात तो तसाच राहील. दुपारी तासभर आडवी होते आणि त्या तासात कुणालाही भेटत नाही. याची आता मला लाज वाटत नाही. तुम्हालाही वाटू देऊ नका. भावाचं पत्र अधूनमधून येतं. मी उत्तर देते. सोनाबाईंच्या घराचे उपकार मात्र कुठल्याच पत्रात मावायचे नाहीत, आणि त्यांना ते ऐकायलाही आवडत नाही.

दर गुरुवारी मी पहिल्या केंद्रावर जाऊन बसते. परवा सावळाराम नावाच्या एका गिरणी कामगाराचे दीड वर्षाचे उपचार संपले. सिस्टरने त्यांच्या कागदावर शिक्का मारला आणि म्हणाली, "झालं, काका. उद्यापासून यायचं नाही."

ते बाकावरून उठले नाहीत. म्हणाले, "मग पाळी सुटल्यावर मी करू काय?"

"घरी जा. चहा प्या," मी म्हणाले.

ते मान हलवून उठायला लागले, तेवढ्यात दारात एक बाई येऊन थबकली. तोंडावर पदर, हातात नवा कोरा कागद. आत यावं की परत फिरावं असं तिचं चाललं होतं. सावळाराम पुन्हा खाली बसले, बाकावर थोडे पलीकडे सरकले आणि शेजारची जागा हाताने पुसत म्हणाले, "या ताई, बसा. माझं आज संपलं. तुमचं पयलं काय?"