थोडं थोडं, येळच्या येळी

आमच्या व्याह्यांच्या, म्हणजे माझ्या लेकीच्या सासऱ्यांच्या हाती देवाने सृष्टी सोपवली असती, तर जगात उपाशी कुणी राहिलं नसतं. पण पोटभर जेवणही कुणाच्या नशिबी आलं नसतं. करकंबला त्यांची केळीची बाग आहे. "एकदम घातलं की मुळं जळत्यात. थोडं थोडं, पण येळच्या येळी," हे त्यांचं एकमेव तत्त्वज्ञान. शेजारी खताचं पोतं ओतून मोकळे होतात. हे ड्रिपमधून असं सोडतात, जशी बाळाला गुटी पाजावी. त्यांच्याकडे जेवायला बसलं की भाकरीसुद्धा चतकोर-चतकोर येते, आणि घाई केली तर "पचू द्या की, पाव्हणं!" असं वर ऐकावं लागतं.

माणसंही त्यांना केळीच्या पानांसारखीच दिसतात. पिवळं पडलं की युरिया कमी, कडा करपल्या की पोटॅश कमी. सोयरीक ठरवायच्या बैठकीत मी घसा खाकरून लेकीच्या शिक्षणाचं सांगत होतो, तर हे माझ्या पिकलेल्या कानशिलांकडे टक लावून बसलेले. शेवटी हळहळून म्हणाले, "कडंनं करपायला लागलाय तुमी. पोटॅश कमी पडलंय." मला वाटलं, बोंबललं लग्न. त्यांच्या लेखी ते तिथेच ठरलं होतं.

घड निसवला, म्हणजे झाडातून बाहेर पडला, की ते खालचं केळफूल छाटतात आणि दांड्याच्या टोकाला शेण, युरिया, पोटॅशच्या काल्याची पिशवी बांधतात. दांडा ते खत ओढून घेतो, केळं भरतं. पण पिशवीची गाठ विहीणबाईंनीच मारायची, हा दंडक. "हिच्या गाठीचं केळं लई भरतंय," असं ते सांगत. "शेणात हात कुणी घालायचा, म्हणून गोड बोलत्यात," असं विहीणबाई सांगत.

गेल्या हंगामात नेमकी पिशव्यांची वेळ आली आणि विहीणबाईंचं पोटाचं ऑपरेशन निघालं. सोलापूरच्या दवाखान्यात त्यांनी अन्नच टाकलं. डॉक्टर म्हणाले, खाल्लं नाही तर अवघड आहे. माझी बायको डबाभर शिरा घेऊन गेली. विहीणबाईंनी तोंड फिरवलं. व्याह्यांनी डब्याला झाकण लावलं. "मुळं जाळताय व्हय?" एवढंच म्हणाले, आणि वाटीभर पेज घेऊन खाटेशी बसले. एक चमचा द्यायचा. थांबायचं. पुन्हा एक. बाग कोण बघतंय, असं मी विचारलं, तर म्हणाले, "बाग कुटं पळून जातीया?"

एकदा विहीणबाईंनी क्षीण आवाजात विचारलं, "अवो, पिशव्या बांधल्या का?"

"बांधल्या की," म्हणत त्यांनी पुढचा चमचा धरला. हा माणूस केळीबद्दल खोटं बोलताना मी तेवढा एकदाच पाहिला.

परवा करकंबला गेलो. घड उतरले होते. केळी बोटासारखी बारीक. मी भिडेखातर म्हटलं, "गोड आहेत हो."

"उगं बरं वाटावं म्हणून बोलू नगा, पाव्हणं. औंदा गाठच न्हाय घडाला."

ओसरीत विहीणबाई केळं खात बसल्या होत्या. ते संपवून त्यांनी दुसऱ्याकडे हात केला. मी व्याह्यांकडे बघितलं. आता 'थोडं थोडं' येणार, म्हणून वाट पाहत राहिलो. केळं सोलून त्यांनी बाईंच्या हातात दिलं, आणि अख्खी फणी हळूच जवळ सरकवली.