गच्चीवरचा शॉट

आमच्या घाटकोपरच्या बिल्डिंगमधल्या एका मुलाला म्युझिक व्हिडिओचा दिग्दर्शक व्हायचंय. तोवर लिफ्टमध्ये सापडेल त्याला तो मोबाइलवर व्हिडिओ दाखवतो आणि प्रत्येक कटला थांबवतो. "बघ ना, ढोलकीची थाप पडली आणि तिने मान वळवली. झकास ना?" माझा मजला आला तरी पहिलं कडवं संपलेलं नसतं. मग तो दारात पाय अडकवून उभा राहतो. मला "नको" म्हणता येत नाही, हे त्याला माहीत असावं.

गेल्या महिन्यात त्याने स्वतः केलेला व्हिडिओ दाखवला. त्यात गच्चीवर दोरीवरचे वाळलेले कपडे काढताना पाठमोरी मी होते. मला न विचारता.

"अख्ख्या गाण्यात हाच बेस्ट शॉट आहे गं!"

"काढून टाक तो."

"अगं, तोंड कुठे दिसतंय तुझं? गाण्याची वाट लागेल यार!"

"काढ म्हटलं ना!" माझा आवाज मलाच मोठा वाटला.

काल तो व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर आला. गच्ची तीच, दोरीही तीच, पण कपडे काढतेय त्याची आई. गाऊनवर ओढणी घेऊन ती थेट कॅमेऱ्याकडे बघते आणि वैतागून काहीतरी बोलते. "झालं का रे तुझं?" असंच असणार. शेवटच्या नामावलीत त्याने लिहिलंय, 'गच्चीवर: माझी आई. विचारून घेतलंय.'