शेवट नसलेली साखळी

शिरूरच्या कॉलेजात गणित शिकवणारे सर माझे भाडेकरू. मी चौथी शिकलेली, तरी नवं काही लिहिलं की ते आधी मला समजावतात आणि चहा गार करतात. गणितात ‘वलय’ नावाची रचना असते म्हणे; काही वलयांत एकाहून एक मोठ्या होत जाणाऱ्या गटांची साखळी कुठंतरी थांबतेच. जुने नियम तेवढ्या वलयांपुरतेच. न थांबणाऱ्या साखळीतही ते चालतात, हे सरांनी वर्षभर राबून लिहिलं. परवा तो लेख मला समजावत होते; त्याच संध्याकाळी तो छापायला पाठवायचा होता.

"आता साखळीतली शेवटची कडी घेऊ," ते म्हणाले.

"अवो सर, मगाशी तर शेवटच न्हाई म्हणालात!"

सरांनी लेख पुढ्यात ओढला. मग पाच पानांवर रेघ मारली आणि माझं वाक्य वहीत उतरवलं.

"आजी, अब्रू वाचवलीत."

लेख गेला नाही. पण माझं बोलणं आजवर कुणी लिहून घेतलं नव्हतं. या माणसाचे उपकार मी विसरायची नाही.